वीपुरी प्रांताची सातशे वर्षं

तुमचे पाय चिखलात आहेत. साल 1913, गाव आंत्रेआ, आणि समोर एक शेतकरी ओल्या कुरणात चर खणतोय. फावडं खोल जातं आणि वर येताना काळपट दोऱ्यांचा गुंता घेऊन येतं. तुम्ही वाकून बघता. दोऱ्यांना गाठी आहेत, एकसारख्या अंतरावर, कसलेल्या हातानं मारलेल्या. हे मासे धरायचं जाळं आहे, विलो झाडाच्या सालीच्या दोऱ्याचं. ते तरंगतं ठेवणारे पाइनच्या सालीचे तुकडे आणि त्याला खाली ओढणारे दगडही आसपास सापडतात. साकारी पॅल्सी हा पुरातत्त्वज्ञ इथे उत्खनन करेल आणि पुढे या जाळ्याचं वय दहा हजार वर्षांच्या पलीकडे ठरेल. जगात सापडलेल्या सर्वांत जुन्या जाळ्यांपैकी हे एक. त्या काळी इथे कुरण नव्हतं, पाणी होतं, आणि त्या पाण्यात कुणाची तरी होडी उलटली असावी.

हा मुलूख कुणाचा, या प्रश्नावर पुढे इतकं रक्त सांडलं की ते जाळं आधी बघितलेलं बरं. फिनलंडचं आखात आणि युरोपातलं सर्वांत मोठं सरोवर लाडोगा यांच्यामधली ही जमिनीची पट्टी म्हणजे कारेलियाची संयोगभूमी. तिच्यासोबत लाडोगाचा उत्तर किनारा आणि पश्चिमेला क्युमी नदीचं खोरं घेतलं की वीपुरी प्रांत होतो. आज नकाशावर हा प्रांत नाही. त्याचा बराचसा भाग रशियात आहे, उरलेला फिनलंडमध्ये. त्याच्या वाटेनं चालायचं तर जुन्या काळात उतरावं लागेल, आणि सुरुवात दगडांपासून होते.

1293. तुम्ही एका छोट्या बेटावर उभे आहात. स्वीडनचा मार्शल तॉर्गिल्स क्नुट्सन याची माणसं बुरुजाचे दगड रचताहेत. ते धर्मयुद्धाच्या नावानं आलेत, पण जागा निवडताना त्यांनी व्यापाऱ्याची नजर वापरली आहे. समोरून जाणारा जलमार्ग ज्याच्या हाती, त्याच्या हाती कारेलियाची फर, मासळी आणि जकात. पूर्वेला नोव्हगोरोद आहे आणि त्यालाही हेच हवंय. तीस वर्षांनी, 1323 मध्ये, दोघं तह करतात आणि कारेलियाच्या मधून रेघ ओढतात. पश्चिमेकडचे कारेलियन कॅथलिक स्वीडनचे झाले, पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स नोव्हगोरोदचे. भाषा तीच, गाणी तीच, पण चर्च वेगळं आणि कर घ्यायला येणारा माणूस वेगळा. या मुलखातली ही पहिली रेघ. ती पुढे किती वेळा पुसली आणि नव्यानं ओढली गेली, ते तुम्ही बघणारच आहात.

1403 मध्ये वीपुरीला शहराचा दर्जा मिळतो. शतकाच्या उत्तरार्धात एरिक आक्सेलसन तोट शहराभोवती दगडी तट बांधतो. मग येतो 30 नोव्हेंबर 1495, संत अँड्र्यूचा दिवस. तुम्ही त्याच तटावर आहात आणि बोटं इतकी गारठली आहेत की दगडाचा स्पर्शही कळत नाही. खाली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानचं सैन्य आहे. शिड्या लागल्यात, तोफांनी तटाला भगदाडं पाडलीत, काही शिपाई वर चढलेतसुद्धा. आता शहर गेलं असं वाटत असतानाच प्रचंड धमाका होतो. बहुधा बुरुजातला दारूगोळा पेटला किंवा पेटवला गेला. हल्ला मोडतो आणि काही काळानं वेढाही उठतो. किल्लेदार क्नुट पोसे यानं कढईत साप आणि बेडूक उकळून जादू केली, अशी कथा लोकांनी रचली. आकाशात संत अँड्र्यूचा तिरपा क्रूस दिसला, असंही सांगितलं गेलं. फिन लोक याला ‘वीपुरीचा धमाका’ म्हणतात. ही तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येईल.

सोळाव्या शतकात एका शाळकरी मुलाकडे क्षणभर बघून पुढे जाऊ. पेर्नाया गावचा मिकाएल वीपुरीच्या शाळेत शिकतोय. हा पुढे मिकाएल अग्रिकोला होईल, 1543 च्या सुमारास फिनिश भाषेतलं पहिलं पुस्तक छापेल आणि 1548 मध्ये नवा करार फिनिशमध्ये आणेल. 1557 मध्ये मॉस्कोहून तहाची बोलणी उरकून परत येताना याच संयोगभूमीवर, वाटेतच, त्याचा मृत्यू होईल आणि त्याला वीपुरीत पुरतील. फिनिश लिहिणारी प्रत्येक व्यक्ती या माणसाची ऋणी आहे, आणि त्याची कबर आज देशाबाहेर आहे.

1634 मध्ये स्वीडनचा चान्सलर आक्सेल ऑक्सेनस्टियर्ना राज्यकारभाराची नवी घडी बसवतो. राज्याचे प्रांत पाडले जातात, प्रत्येकाला गव्हर्नर, कचेरी, कारकून, कराच्या वह्या. वीपुरीतही तशी कचेरी येते. प्रांत म्हणून या मुलखाची शासकीय गोष्ट इथून सुरू होते, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्या वर्षी फारसं काही बदललं नाही. बदल झाला तो पाऊण शतकानं.

मार्च 1710. समुद्र गोठलाय. बर्फावरून पीटर द ग्रेटचं सैन्य वीपुरीकडे चालत येतंय. पीटरनं 1703 मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलंय आणि तिथून वीपुरी जेमतेम 130 किलोमीटरवर आहे. नव्या राजधानीच्या उशाशी स्वीडनचा किल्ला त्याला चालणार नाही. जूनमध्ये शहर शरण येतं आणि 1721 च्या तहानं प्रांताचा मोठा भाग रशियाचा होतो. 1743 मध्ये सीमा आणखी पश्चिमेला सरकते. सेंट पीटर्सबर्गच्या सुरक्षेसाठी वीपुरी हवंच, हा हिशेब 1710 मध्ये मांडला गेला. पुढे 1939 मध्ये, सेंट पीटर्सबर्गचं नाव लेनिनग्राड झालेलं असताना, तोच हिशेब जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा मांडला जाईल.

आता संयोगभूमीवरच्या एखाद्या गावात थांबा. स्वीडिश कायद्याखाली इथला शेतकरी गरीब असला तरी स्वतंत्र होता. रशियाच्या सम्राटांनी आणि सम्राज्ञींनी मात्र इथली गावंच्या गावं आपल्या सरदारांना आणि अधिकाऱ्यांना बहाल केली. आपण कसतो ती जमीन आपली, असं मानणारा माणूस एका सकाळी कूळ झाला. मालक दूर राजधानीत, त्याचा कारभारी गावात, आणि वेठ वाढत गेली. इथे दंगे झाले, अर्ज गेले, चाबूक चालले. 1809 मध्ये उरलेला फिनलंडही रशियाकडे गेला आणि झार पहिल्या अलेक्झांडरनं 1812 पासून वीपुरी प्रांत नव्या फिनिश ग्रँड डचीला जोडून दिला, तरी या दान-जमिनींचा प्रश्न सुटला नाही. 1867 मध्ये फिनलंडच्या संसदेनं कर्ज काढून त्या जमिनी विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे कुळांना मालक होण्याची वाट मिळाली. दीडशे वर्षं हा प्रश्न चिघळला. वीपुरीवरच्या आठवणींच्या पुस्तकांत किल्ला भरपूर भेटतो, ही कुळं क्वचित. मला हे खटकतं, कारण प्रांतातली बहुतेक माणसं किल्ल्यात राहत नव्हती.

1856 च्या सप्टेंबरात साइमा कालवा उघडतो आणि तुम्ही त्यातून येणाऱ्या एका बोटीवर आहात. साइमा सरोवर समुद्रसपाटीपासून 76 मीटर उंच आहे. 28 ठिकाणी बोट दगडी हौदात थांबते, दरवाजे बंद होतात, पाणी उतरतं, बोट खाली बसते, पुढचे दरवाजे उघडतात. बांधकामाला अकरा वर्षं लागली. पूर्व फिनलंडची जंगलं आता समुद्राला जोडली गेली. इमारती लाकूड, डांबर, लोणी, सगळं वीपुरीच्या धक्क्यावर येऊ लागलं. 1870 मध्ये सेंट पीटर्सबर्गची रेल्वे आली आणि शहराची भरभराट वेगानं होऊ लागली.

या शहरात आपण निवांत राहू. विसाव्या शतकाचं पहिलं दशक आहे. गोल बुरुजाजवळच्या बाजारचौकात सकाळ झाली आहे. 1906 मध्ये बांधलेल्या लाल विटांच्या मंडईतून धुरावलेल्या माशांचा वास येतो. एकाच रांगेत खेड्यातून आलेली फिनिश बाई लोणी विकतेय, रशियन बागवान काकड्या मांडतोय, आणि पलीकडून चालत गेलेली दोन माणसं जर्मनमध्ये बोलताहेत. हाकमान हे इथलं बडं व्यापारी घराणं. त्याचा मूळ पुरुष जर्मनीच्या ब्रेमेनहून आला आणि 1790 मध्ये त्यानं इथे पेढी काढली. वरिष्ठ अधिकारी आपसात स्वीडिश बोलतात. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. फिनिश, स्वीडिश, जर्मन, रशियन, चारही भाषा समजणं ही वीपुरीकरांच्या अभिमानाची गोष्ट होती.

भूक लागली असेल तर बेकरीत चला. वीपुरीची खासियत म्हणजे रिंकेली, दोन्ही टोकं वळवून मध्ये अडकवलेला मोठा गोडसर पाव. त्याचा उगम इथल्या फ्रान्सिस्कन मठाशी जोडतात. तो काडांवर ठेवून भाजतात आणि खालच्या बाजूला काडांचे तुकडे चिकटलेले राहतात. तो तोडलात की तुम्ही थबकाल, कारण वास ओळखीचा आहे: वेलदोडा आणि जायफळ. आपल्या श्रीखंडातला वास साठाव्या अक्षांशापलीकडच्या पावात येतोय. मसाल्याच्या व्यापारानं वेलदोडा उत्तर युरोपात पोचवला आणि फिन लोकांनी तो इतका आपलासा केला की आजही त्यांच्या रोजच्या गोड पावात तो असतोच.

शहराबाहेर पडून साक्कोला परगण्यातल्या वास्केला गावात या. काळ 1890 च्या आसपासचा. एका गरिबाच्या घरात लारिन पारास्के बसली आहे. नवरा वारलाय, नऊ मुलांपैकी बहुतेक लहानपणीच गेली. पोटासाठी तिनं सेंट पीटर्सबर्गच्या अनाथाश्रमातली मुलं सांभाळली आहेत. समोर पाद्री आडोल्फ नेओव्हियस वही घेऊन बसलेत. ती गाते आणि ते लिहितात. लग्नाची गाणी, रडगाणी, पुराणकथा, लेकीला सासरी धाडतानाचे बोल. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईकडून 32,000 हून अधिक ओळी उतरून घेतल्या गेल्या. जात्यावर बसून पहाटे ओव्या गाणारी आपल्याकडची आजी तुम्हाला इथे आठवेल, फक्त पारास्केचं गाणं कागदावर उतरलं आणि त्या आजीचं बरंचसं वाऱ्यावर गेलं. तरुण संगीतकार सिबेलियसनं पारास्केचं गाणं ऐकलं, आल्बर्ट एडेलफेल्ट आणि एरो यार्नेफेल्ट यांनी तिची चित्रं काढली. राष्ट्र तिला आपला ठेवा मानू लागलं. ती मात्र 1904 मध्ये गरिबीतच मेली.

याच मुलखात रायवोला गावी एडिथ सॉडरग्रान राहते. शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या जर्मन शाळेत, सुरुवातीच्या कविता जर्मनमध्ये, नंतरच्या स्वीडिशमध्ये, आजूबाजूला रशियन आणि फिनिश. 1916 मध्ये तिचा पहिला संग्रह आला आणि समीक्षकांना तो कळला नाही. 1923 मध्ये क्षयानं ती गेली, वय 31. आज नॉर्डिक देशांतल्या आधुनिक कवितेची सुरुवात तिच्यापासून मोजतात. थोडं पुढे समुद्रकाठी कुओक्काला गावात रशियन चित्रकार इल्या रेपिनचं घर आहे. अशी माणसं एका प्रांतात योगायोगानं जमत नाहीत. साम्राज्याची राजधानी हाकेच्या अंतरावर, पण कायदा फिनलंडचा, ही इथली खास स्थिती होती. तिच्यामुळे इथे श्वास घेता येत असे.

जुलै 1906 मध्ये हेच दिसतं. रशियाची पहिली निवडून आलेली संसद, ड्यूमा, झारनं बरखास्त केली आहे. सुमारे दोनशे सदस्य रेल्वेनं वीपुरीला आलेत आणि बेल्व्हेडेर हॉटेलात भरगच्च खोल्यांत वाद घालताहेत. तुम्ही दाराशी उभे राहून ऐका. नवी संसद बोलावली जात नाही तोवर कर भरू नका, सैन्यात मुलं पाठवू नका, असं आवाहन ते जनतेला करतात. सह्या करणाऱ्यांना पुढे तीन महिन्यांची कैद झाली आणि त्यांचा निवडणुकीचा हक्क गेला. लोक मात्र उठले नाहीत.

आता तुम्हाला अशा जागी न्यायचंय जिथे जावंसं वाटणार नाही. 29 एप्रिल 1918. फिनलंड स्वतंत्र होऊन पाच महिनेही झालेले नाहीत आणि देशात यादवी चालू आहे. लाल, म्हणजे समाजवादी, पक्षाचं सरकार हेलसिंकीहून इथे सरकलं होतं, त्याचे नेते जहाजानं पळून गेलेत. जाता जाता लाल रक्षकांनी तुरुंगात 30 बंदी ठार केले. आता पांढरं सैन्य शहरात शिरतंय. संध्याकाळी जुन्या तटबंदीच्या दोन भिंतींमध्ये माणसं रांगेनं आणली जातात. त्यांत दुकानदार आहेत, कारागीर आहेत, कोवळी पोरं आहेत. बहुतेक रशियन आहेत आणि अनेकांचा लाल पक्षाशी काडीचा संबंध नाही. काहीजण तर विजयी सैन्याचं स्वागत करायला घराबाहेर आले होते. दोनशेच्या आसपास रशियन तिथे गोळ्या घालून मारले गेले, कारण ते रशियन होते.

मला वाटतं, हा प्रांत मोडायला सुरुवात इथे झाली. हरवलेल्या कारेलियाबद्दल फिनलंडमध्ये अपार प्रेम आहे आणि ते खरं आहे. पण त्या प्रेमाच्या गोष्टीत 1939 ठळक असतं आणि 1918 पुसट. चार भाषांचं शहर म्हणून वीपुरीचा गौरव करायचा असेल तर त्यातली एक भाषा बोलणाऱ्यांना त्या संध्याकाळी भिंतीशी उभं केलं गेलं, हेही त्याच श्वासात सांगावं लागतं. त्यानंतर पूर्वेची सीमा बंद झाली. सेंट पीटर्सबर्गला दूध, मासळी, सरपण विकून जगणाऱ्या गावांचं गिऱ्हाईक गेलं आणि तेरियोकीसारख्या किनाऱ्यावरचे रशियनांचे उन्हाळी बंगले ओस पडले. रेपिन कुओक्कालातच राहिला आणि 1930 मध्ये तिथेच वारला.

तरी शहर पुन्हा सावरलं. 1935 मध्ये या, आणि आल्व्हार आल्टोनं बांधलेल्या नव्या ग्रंथालयात शिरा. लाल्लुक्का या श्रीमंत व्यापारी दांपत्याच्या देणगीतून ते उभं राहिलंय. वाचनकक्षाला खिडक्या नाहीत. छताला 57 गोल झरोके आहेत, त्यांतून उजेड असा उतरतो की पुस्तकावर हाताची सावली पडत नाही. व्याख्यानाच्या खोलीचं लाकडी छत लाटांसारखं वळत जातं, मागच्या माणसालाही आवाज नीट पोचावा म्हणून. अजून चाळिशीही न गाठलेल्या आल्टोनं वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि ऐकणाऱ्याच्या कानांचा विचार करून इमारत बांधली. सीमेवरच्या शहरानं तटबंदीऐवजी यावर पैसा खर्च केला, याचं मला फार कौतुक वाटतं.

चारच वर्षं.

30 नोव्हेंबर 1939, पुन्हा संत अँड्र्यूचा दिवस. या वेळी आकाशात विमानं आहेत. सोव्हिएत संघानं लेनिनग्राडच्या सुरक्षेसाठी सीमा मागे न्यायची मागणी केली होती, ती फिनलंडनं नाकारली. सीमेलगतच्या गावांतल्या बायकांना निघायला काही तास मिळतात. तुम्ही एका अंगणात उभे आहात. बाई गोठ्याचं दार उघडून गायी बाहेर काढते, मुलांना एकावर एक कपडे चढवते आणि एक गाठोडं बांधते. गाठोड्यात काय घ्यायचं आणि काय ठेवायचं, याला वेळ नाही. घर शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून आपलेच सैनिक ते पेटवतील, हे तिला माहीत आहे.

105 दिवस युद्ध चालतं. संयोगभूमीवरची फळी फेब्रुवारीच्या मध्याला सुम्माजवळ फुटते आणि मार्चमध्ये सोव्हिएत तुकड्या गोठलेल्या वीपुरीच्या आखातावरून चालत येतात, 1710 सारख्याच. 13 मार्च 1940 ला दुपारी परराष्ट्रमंत्री वॅइनो टान्नर रेडिओवर तहाच्या अटी सांगतात. तुम्ही फिनलंडच्या मध्यभागी कुठल्याशा शेतघरात, अनोळखी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, कारेलियाहून आलेल्या माणसांसोबत तो आवाज ऐकताय. लढाईत वीपुरी पडलं नव्हतं, सैनिक अजून तिथे होते, आणि तरी ते द्यायचं आहे. एकेक गावाचं नाव ऐकताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरतात. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या बुरुजावरचा फिनलंडचा झेंडा खाली येतो.

मागे राहायचं की जायचं, हे कुणी बळजबरीनं ठरवलं नव्हतं. पण जवळजवळ सगळे निघाले. सोडून दिलेल्या सगळ्या भागांतून मिळून 4 लाखांहून अधिक माणसं, देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे एक-नवमांश, आणि त्यांतली बहुसंख्य याच प्रांतातली. लाडोगातल्या वालामो बेटावरच्या ऑर्थोडॉक्स मठाचे भिक्षू मूर्तिचित्रं आणि ग्रंथ घेऊन गोठलेल्या सरोवरावरून निघाले आणि हेइनॅवेसी इथे त्यांनी नवा मठ मांडला. तो आजही चालू आहे.

1941 च्या ऑगस्टअखेर फिन सैन्य जर्मनीच्या साथीनं युद्धात उतरून वीपुरी परत घेतं. मग एक विलक्षण प्रसंग घडतो. शहरात अचानक इमारती उडू लागतात, आसपास कुणी नसताना. माघार घेताना सोव्हिएत सैन्यानं रेडिओ-सुरुंग पुरून ठेवलेत. ठरावीक लहरीवर तीन सुरांचा इशारा आला की ते फुटतात. एक सुरुंग न फुटता हाती लागतो, लहर कळते, आणि फिन अभियंते त्या लहरीवर अखंड संगीत लावून इशारा बुजवून टाकतात. ‘सॅक्कियार्वीची पोल्का’ ही धून, अकॉर्डियनवर विली वेस्तेरिनेन. सप्टेंबर 1941 पासून फेब्रुवारी 1942 पर्यंत ती वाजत राहिली, सुरुंगांच्या बॅटऱ्या संपेपर्यंत. सॅक्कियार्वी हा याच प्रांतातला परगणा. प्रांताच्या राजधानीचं रक्षण प्रांताच्याच गाण्यानं केलं.

सुमारे 2 लाख 80 हजार माणसं परतली. जळक्या जोत्यांवर त्यांनी घरं उभारली, शेतं नांगरली. जून 1944 मध्ये सोव्हिएत आक्रमण आलं आणि 20 जूनला वीपुरी काही तासांत पडलं. पुढे ताली आणि इहांताला इथे फिन सैन्यानं ते रोखलं, पण सप्टेंबरच्या शस्त्रसंधीत प्रांत पुन्हा गेला. तीच माणसं, तीच गाठोडी, दुसऱ्यांदा. 1948 मध्ये सोव्हिएत सरकारनं गावांची नावंही बदलली. तेरियोकीचं झेलेनोगोर्स्क झालं, कॅकिसाल्मीचं प्रिओझेर्स्क, कुओक्कालाचं रेपिनो. रिकाम्या घरांत रशिया, युक्रेन, बेलारूसमधून आणलेली कुटुंबं आली. तीही बहुतेक युद्धानं उद्ध्वस्त झालेली होती, आणि या मातीचा इतिहास त्यांना कुणी सांगितला नव्हता.

फिनलंडनं पुढे जे केलं त्याचा अभ्यास जगातल्या प्रत्येक सरकारनं करावा. 1945 च्या मे महिन्यात जमीन-संपादनाचा कायदा झाला. सरकारची, कंपन्यांची, चर्चची, मोठ्या जमीनदारांची आणि अखेर मध्यम शेतकऱ्यांचीही जमीन मोबदला देऊन घेतली आणि निर्वासितांना वाटली. एका परगण्यातली माणसं शक्यतो एकाच भागात बसवली. अनेकांच्या वाट्याला नुसतं जंगल आणि दलदल आली. तिथे आधी झाडं तोडायची, मग बुंधे उपटायचे, मग पेरायचं. यजमान गावांनीही सगळ्यांना प्रेमानं घेतलं असं नाही. कारेलियन पोरांना, विशेषतः ऑर्थोडॉक्स घरांतल्या, शाळेत ‘रशियन’ म्हणून हिणवलं गेलं, आणि हे त्यांनाच, ज्यांनी रशियामुळे घर गमावलं होतं. पण पराभूत, कर्जबाजारी, युद्धखंडणी भरणाऱ्या देशात एकही कायमची निर्वासित छावणी उरली नाही, हेही तितकंच खरं. कारेलियन बायकांनी आणलेली राईच्या पातळ पारीतली भाताची पीराक्का आज प्रत्येक फिन दुकानात मिळते.

फिनलंडच्या हाती उरलेल्या तुकड्याला 1945 मध्ये क्युमी प्रांत असं नाव दिलं. कोउवोला ही त्याची राजधानी झाली. लाप्पेनरान्ता, इमात्रा, कोत्का, हामिना ही त्यातली गावं. 1997 मध्ये तो दक्षिण फिनलंड प्रांतात मिसळला आणि 2009 संपताना देशानं प्रांतांची ही जुनी व्यवस्थाच बंद केली. वीपुरीतलं आल्टोचं ग्रंथालय युद्धानंतर काही वर्षं ओसाड पडलं होतं. रशियन आणि फिन तज्ज्ञांनी मिळून, वीसहून अधिक वर्षं खपून, ते 2013 मध्ये मूळ रूपात आणलं. अग्रिकोलाचा पुतळाही 2009 मध्ये वीपुरीत पुन्हा उभा राहिला. 2023 च्या डिसेंबरात फिनलंडनं पूर्वेच्या सीमेवरच्या चौक्या बंद केल्या.

कधी फिनलंडला गेलात आणि लाहती किंवा लाप्पेनरान्तात एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायची संधी मिळाली, तर त्यांना त्यांच्या आईवडिलांचं गाव जरूर विचारा. परगण्याचं नाव ते फिनिशमध्येच सांगतील, आणि तुम्ही थोडा वेळ ऐकलंत तर घर कुठल्या वळणावर होतं तेही सांगतील.